पावणेदोनचा सिलिंडर

कानडे सरांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "मॅडम, वानखडेंचं परत करावं लागणार. सोमवारी घेतोय. त्याआधी एकदा नंबर नीट काढून द्या."

परत म्हणजे दुसरं ऑपरेशन. कानडे सर आमच्या हॉस्पिटलचे तिरळेपणाचे सर्जन. मी तिथेच ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर काढणारी. लोक मला 'चष्म्याच्या डॉक्टरीणबाई' म्हणतात आणि सव्वीस वर्षांत मी ते सुधारायचं सोडून दिलं आहे. डोळ्याला हात घालायचा तो सरांनी, आणि त्या डोळ्याला समोरचं नीट दिसतंय का ते बघायचं मी, अशी आमची वाटणी आहे.

बाहेर बाकावर अर्चना वानखडे बसली होती. चौतीस वर्षांची, मूळची अमरावतीकडची, आता भावाच्या कुटुंबाबरोबर वाघोलीत राहणारी. हडपसरच्या एका औषध कंपनीत ती व्हिज्युअल इन्स्पेक्टर आहे. हे काम मला तिच्याकडूनच कळलं. इंजेक्शनच्या औषधाची छोटी काचेची बाटली असते, तिला व्हायल म्हणतात. ती दिव्याखाली धरायची, हलकेच उलटी करायची, आधी काळ्या पाटीसमोर बघायची, मग पांढऱ्या. आत एखादा धागा, काचेचा कण काही तरंगतंय का, ते काही सेकंदांत ओळखायचं. आता यंत्रं आली आहेत, पण यंत्राला शंका आली की व्हायल शेवटी माणसाच्याच डोळ्यांपुढे येते. अर्चना हे काम नऊ वर्षं करत होती. तिच्या हातून सुटलेली बाटली कुणाच्या तरी दंडात जाणार, हे ती कधी विसरत नसे.

गडबड झाली ती बढतीनंतर. नव्या मुलींना शिकवायचं काम तिच्याकडे आलं आणि तिचा डावा डोळा आड यायला लागला. तो बाहेरच्या बाजूला जायचा आणि जरा वरही चढायचा. "मॅडम, मी एकीला सांगते, ही बाटली परत बघ. अन् तिच्या बाजूची पोरगी उचलते," असं तिने मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं. स्वतःच हसली होती. पण नंतर तिने मान वळवून खिडकीकडे बघितलं, आणि ते हसू खरं नव्हतं हे मला कळलं.

ऑपरेशन झालं त्याला आता तीन महिने होऊन गेले होते. डोळा दिसायला सरळ झाला होता. पण तिला एकाचे दोन दिसत होते. कंपनीने तिला तात्पुरतं लेबलांच्या कामावर बसवलं होतं. महिनाअखेरीला कंपनीची डोळ्यांची परीक्षा होती. त्यात ती पास झाली तर परत दिव्याखाली, नाहीतर तिची जागा दुसरीला. दुसरं ऑपरेशन म्हणजे ती परीक्षा हुकणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आता थोडं मागचं सांगते, कारण घोळ मागेच झाला होता आणि तो कुणी केला हेही त्यातच कळेल.

डोळा फिरवायला सहा स्नायू असतात. ते डोळ्याच्या गोळ्याला बाहेरून चिकटलेले असतात. तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याच्या आत कोणी जात नाही. जो स्नायू जास्त ओढतो तो सोडवून थोडा मागे शिवायचा, जो कमी पडतो तो आखूड करायचा, बस. अर्चनाचा बाहेरचा स्नायू मागे नेला, आतला आखूड केला आणि डोळा वर चढवणारा एक तिरका स्नायू सैल केला. तिने आधी विचारलं होतं, "मग माझा नंबरही जाईल का?" मी म्हटलं, "नाही. दिशा बदलेल. चष्मा राहील." तिचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे दहाच्या आसपास, म्हणजे जाड भिंगं.

मात्र एक गोष्ट या ऑपरेशननंतर बदलते, आणि तो माझा आवडता विषय आहे. ती म्हणजे सिलिंडर. बुबुळावरची पारदर्शक काच, जिला कॉर्निया म्हणतात, ती चेंडूसारखी सगळीकडून सारखी गोल असेल तर समोरचं चित्र नीट उमटतं. ती एका दिशेने जास्त वाकलेली असेल, अंड्यासारखी, तर चित्र एका दिशेला फाकतं. ते सुधारायला चष्म्यात जो नंबर घालतात तो सिलिंडरचा. आता स्नायू काही कॉर्नियाला चिकटलेले नसतात, ते बरेच मागे असतात. तरी मांडवाच्या एका बाजूची दोरी सैल केली की मधलं कापडही जरा बदलतं, तसं काहीसं होतं. स्नायू हलवला की कॉर्नियाचा बाक किंचित बदलतो आणि सिलिंडर वाढतो किंवा त्याची दिशा फिरते. यातला बराचसा बदल पुढच्या काही आठवड्यांत उतरतो. कधी सगळा उतरतो, कधी थोडा मुक्काम ठोकतो. कोणाचा किती उतरेल हे आधी नक्की सांगता येत नाही आणि म्हणूनच मला त्यात भारी गंमत वाटते. मी त्याची एक वही ठेवली आहे. ऑपरेशनच्या आधी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, असे रकाने आखलेली. नवरा म्हणतो, लोक पासबुक भरतात, ही सिलिंडर भरते.

अर्चनाच्या डाव्या डोळ्याचा सिलिंडर ऑपरेशनआधी पाऊण होता. सहा आठवड्यांनी तो पावणेदोन भरला. मी खूश. यंत्रावर कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढला, आधीच्या नकाशाशेजारी ठेवला, सरांना बोलावून दाखवला. अर्चना म्हणत होती, "मॅडम, दोन दोन दिसते अजून." मी तिला सांगितलं, ऑपरेशननंतर काही दिवस तसं होतं. मेंदूने इतकी वर्षं डाव्या डोळ्याचं चित्र बाजूला टाकलेलं असतं, ते अचानक समोर आलं की गोंधळ उडतो. त्यात आता सिलिंडर बदललाय. नव्या नंबरचा चष्मा करू, बरं वाटेल.

हे सगळं खरंच होतं. फक्त पूर्ण नव्हतं.

खरं तर नव्या चष्म्यासाठी तीन महिने थांबावं असा माझा नेम आहे. पण तिला कामावर जायचं होतं, धुरकट डोळ्याने लेबलंही वाचता येत नव्हती. मी चिठ्ठी लिहून दिली. तिच्या भावाने ती चिठ्ठी आणि जुनी फ्रेम विश्रांतवाडीच्या अत्तारभाईंच्या चष्म्याच्या दुकानात नेऊन दिली, कारण तिचा चष्मा पहिल्यापासून त्यांच्याकडचा. अर्चना आठवड्याने नवा चष्मा लावून आली. धुरकट गेलं होतं. दोन दिसणं तसंच होतं.

तीन महिन्यांनी सिलिंडर सव्वावर उतरला. वहीत नोंद झाली. दोन दिसणं अजून तसंच. मग सरांनी चष्मा लावून तिच्या डोळ्यांचा कोन, म्हणजे तिरळेपणा किती उरलाय ते, मोजलं. मोठा नंबर असलेल्या माणसाचा कोन चष्म्यातूनच मोजतात, नाहीतर त्याला नजर रोखायला समोरचं काही दिसतच नाही. तर कोन उलटा निघाला. जो डोळा बाहेर आणि वर जायचा, तो आता किंचित आत आणि खाली गेलेला. म्हणजे ऑपरेशन गरजेपेक्षा जास्त झालं. सरांचा चेहरा उतरला. आडवा फरक मेंदू बराच सांभाळून घेतो. उभ्या फरकाशी मात्र तो फार वेळ जुळवून घेत नाही. म्हणून सोमवार ठरला होता.

तर त्या गुरुवारी मी अर्चनाला आत घेतलं.

"बसा अर्चनाताई. जेवलात का?"

"नाही. मॅडम, खरं सांगा, दुसऱ्यानं तरी बरोबर होईल काय? का असंच राहते हे?"

"होईल. थोडंच करायचंय."

"पहिल्या वेळेसही थोडंच होतं," ती म्हणाली. मी ट्रायल फ्रेम काढली.

ट्रायल फ्रेम म्हणजे नंबर काढताना तोंडावर चढवतात तो जड, गोल, विदूषकी चष्मा. त्यात एकेक भिंग बदलता येतं आणि दोन्ही डोळ्यांसमोरच्या खाचा वेगवेगळ्या सरकवता येतात. मी सवयीने दोन्ही खाचा तिच्या बाहुल्यांसमोर आणल्या, एक डोळा झाकायची काळी चकती उजवीकडे घातली, डाव्याचा नंबर काढला. सव्वा, कायम. मग चकती डावीकडे. उजव्याचा काढला. नंबर काढताना आम्ही असा एका वेळी एकच डोळा बघतो. दोन्ही डोळे मिळून काय करतात हे बघायची शेवटची पायरी असते, आणि ओपीडीत तीस माणसं बसलेली असली की ती पायरी पहिली गळते. खोटं कशाला बोलू, माझ्याकडूनही गळते.

तेवढ्यात अर्चनाचा फोन वाजला. सुपरवायझरचा होता. एका डोळ्याने तिला फोन पिशवीत सापडेना म्हणून मी ती काळी चकती काढली. दोन्ही डोळे उघडे झाले. तिने फोन बंद केला, भिंतीवरच्या अक्षरांकडे बघितलं, डोळे मिटून उघडले आणि परत बघितलं.

"काय झालं?"

"मॅडम, मले एकच दिसून राहिलं."

घाबरली किंवा आनंदली की तिची वऱ्हाडी वर येते, हे मला एव्हाना ठाऊक होतं. यातलं काय होतं ते मात्र कळेना. "एकच म्हणजे? डावा मिटला नाही ना?"

"नाही हो. दोन्ही उघडे हायेत. एकच 'ई' हाये. हे पाहा, हात पण एकच."

मी तिच्या डोळ्यांवरून ट्रायल फ्रेम काढली आणि तिचा स्वतःचा चष्मा घातला.

"आता?"

"दोन. दुसरं जरा वर, डावीकडे."

परत ट्रायल फ्रेम. "एक." परत चष्मा. "दोन." मी हे पाच-सहा वेळा केलं. दारात पुढचा पेशंट डोकावला, त्याला मी हातानेच थांबवलं. डोळे तेच, तीच बाई, तीच खुर्ची. नंबर जवळपास तोच, पावणेदोनच्या जागी सव्वा इतकाच फरक, आणि तेवढ्याने चित्र धुरकट होईल, दोन होणार नाहीत. म्हणजे जे काही वाकडं होतं ते डोळ्यात नव्हतंच. ते चष्म्यात होतं.

आमच्याकडे लेन्सोमीटर नावाचं यंत्र असतं. चष्मा त्यात धरला की नंबर वाचता येतो, आणि दट्ट्या दाबला की भिंगावर शाईचे तीन ठिपके उमटतात. मधला ठिपका म्हणजे भिंगाचा मध्य. हा मध्य कशाला महत्त्वाचा, ते घरी करून बघता येईल. कुणाचा मोठ्या नंबरचा चष्मा असेल तर तो हातभर लांब धरा, त्यातून खिडकीकडे बघा आणि चष्मा हळू वरखाली करा. खिडकी हलताना दिसेल. मधून बघितलं तर वस्तू जिथल्या तिथे, कडेने बघितलं तर सरकलेली. नंबर जितका मोठा तितकी जास्त सरकते. म्हणून भिंगाचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोरच यावा लागतो.

मी दोन्ही भिंगांवर ठिपके काढले आणि चष्मा अर्चनाच्या नाकावर ठेवला.

उजव्या डोळ्याचा ठिपका बरोबर बाहुलीवर होता. डाव्याचा नव्हता. तो बाहुलीच्या बाहेरच्या बाजूला आणि वर होता, चांगला तीन मिलिमीटर. ऑपरेशनच्या आधी तिचा डावा डोळा जिथे असायचा, बरोबर तिथे.

मी अत्तारभाईंना फोन लावला. सत्तरीचे गृहस्थ, तिसऱ्या पिढीचं दुकान, शब्दाला पक्के.

"अत्तारभाई, वानखडेंच्या डाव्या काचेचा मध्य तुम्ही कसा धरला?"

"थांबा, रजिस्टर काढतो." पानं उलटल्याचा आवाज आला. "हां. बाईंचा डोळा तिरका होता ना. मी दोन्ही डोळ्यांचं एकच माप नाही घेत मॅडम, आजकालच्या पोरांसारखं. समोर बसवतो, फ्रेम घालतो, डोळा जिथं आहे तिथं पेनाने खूण करतो. बाईंचा डोळा बाहेर होता, तर काचही बाहेर."

"पण आता ऑपरेशन झालं त्यांचं. डोळा सरळ आहे."

"मला कसं कळणार? भाऊ आला, फ्रेम देऊन गेला. बाई आल्याच नाहीत." मग ते म्हणाले, "आणि मॅडम, तुमची चिठ्ठी लावून ठेवलीय इथं. वाचू का? 'फ्रेम जुनी, मोजमाप आधीप्रमाणे, फक्त नंबर बदलावा.' खाली सही आहे."

सही माझी होती. मला चिठ्ठी लिहिल्याचं आठवत होतं, ते शब्दही आठवले. पेशंटचा वेळ वाचावा म्हणून लिहिले होते.

अत्तारभाई हळू आवाजात म्हणाले, "चेहरा न बघता काच बसवली, ती माझी चूक. उद्या पाठवा त्यांना. मी हातातलं सगळं बाजूला ठेवतो." फोनवर त्यांच्यापेक्षा मीच जास्त ओशाळले होते.

ऑपरेशनआधी ही चूक कुणाला कळायचं कारणच नव्हतं. लहानपणी अर्चनाचा डोळा फक्त दमल्यावर बाहेर जायचा, त्यामुळे दोन्ही डोळे मिळून बघणं तिच्या मेंदूला ठाऊक होतं. पुढे डोळा कायमचाच बाहेर राहायला लागला तसा मेंदूने त्याचं चित्र टाकून दिलं. मग त्या काचेचा मध्य कुठे का असेना. सरांनी डोळा जागेवर आणला, मेंदू जुनी सवय आठवून दोन्ही चित्रं जुळवायला निघाला, पण पहिले सहा आठवडे जुन्या चष्म्याची काच मधे होती आणि नव्या चष्म्यातही मी तशीच काच आडवी घातली. डावं चित्र वर आणि डावीकडे सरकवून देणारी. चष्म्यातून मोजलेला कोनही त्याच काचेने फसवलेला. ऑपरेशन जास्त झालं नव्हतं, नेमकं झालं होतं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. फाइल टेबलावर ठेवली, वर ठिपक्यांचा चष्मा ठेवला.

"सर, सोमवार रद्द करा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा उचलून उजेडात धरला. मग स्वतः येऊन अर्चनाला ट्रायल फ्रेम घालायला लावली आणि कोन परत मोजला. दोन्ही दिशांना जवळजवळ शून्य. त्यांनी तो आकडा फाइलमध्ये लिहिला. "मॅडम, मी तीन महिने झोपताना विचार करतोय, माझा कुठला टाका चुकला," ते म्हणाले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"आणि मी तीन महिने सिलिंडर मोजतेय," मी म्हटलं.

अर्चनाला सांगायचं काम मीच घेतलं. चूक झाल्यावर पेशंटला गोल गोल सांगायची आमच्याकडे एक रीत आहे. 'ॲडजस्टमेंट' वगैरे शब्द असतात. ते तोंडाशी आले होते. पण ही बाई काचेतला केस शोधणारी, तिच्यापुढे ते टिकले नसते.

"अर्चनाताई, ऑपरेशन बरोबर झालंय. चष्मा चुकीचा होता. आणि तो चुकीचा झाला तो माझ्या चिठ्ठीमुळे. मला माफ करा."

ती माझ्याकडे बघत राहिली. सरळ, दोन्ही डोळ्यांनी.

"म्हणजे माझा डोळा बरोबर होता? तीन महिने?"

"हो."

"मी घरात फोटो काढू देत नव्हती कोणाला. वाटे, आपलं नशीबच तिरपं, डॉक्टर तरी काय करतील." तिचा आवाज चढला. "अन् सोमवारी तुम्ही मले परत टेबलावर झोपवणार होते, बाप्पा!"

"होतो," मी म्हटलं. तिच्या रागाचा मला आधारच वाटला. रडून तिने मला माफ केलं असतं तर मी जास्त दिवस झोपले नसते.

शुक्रवारी ती स्वतः विश्रांतवाडीला गेली. अत्तारभाईंनी तिला समोर बसवून, एकेक डोळा झाकून, माप नव्याने घेतलं. सव्वाचा सिलिंडर, मध्य बाहुलीसमोर. चार दिवसांनी चष्मा आला. पहिले दोन दिवस तिला जिने खोल वाटले, डोकं जड झालं, मग बसलं. महिनाअखेरीला कंपनीची परीक्षा झाली. तिथे चांगल्या व्हायलमध्ये मुद्दाम दोषाच्या काही मिसळून ठेवतात आणि त्या किती सापडतात ते बघतात. संध्याकाळी तिचा फोन आला.

"सगळ्या सापडल्या मॅडम. अन् एक जास्तीची सापडली. ती चांगली म्हणून ठेवलेली होती त्यांनी, तिच्यात बारीक धागा होता. सुपरवायझरला दोनदा दाखवावा लागला."

त्यानंतरच्या सोमवारपासून ती परत दिव्याखाली बसते. नव्या मुली आता ती सांगते त्याच बाटलीकडे बघतात, असंही तिने कळवलं.

सिलिंडरची वही मी बंद केलेली नाही, विषय अजून तितकाच आवडतो. कोणाचा किती चढला, किती उतरला, अजून सांगता येत नाही आणि अजून गंमत वाटते. पण प्रशिक्षणाला मुलं येतात तेव्हा तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर नंबर बदलतो हे शिकवून मी थांबायचे, ते आता थांबत नाही. डोळ्याची जागाही बदलते, असं पुढे सांगते. कुणीतरी हसतं, हे काय सांगायला हवं का म्हणून. सांगायला हवं. ती बदलावी म्हणूनच तर ऑपरेशन केलेलं असतं.